दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्यालाही न्यायाधीशासमोर उभे राहू द्या

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेत राज्याचे प्रतिनिधित्व करणारे १९ सन्माननीय सदस्य यांस,

विषय : अमली पदार्थविरोधी कायद्याखाली पुन्हा दोषी ठरलेल्या बंद्यांना शिक्षेतील कपातीचा लाभ पूर्वलक्षी प्रभावाने देण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

मी फौजदारी वकिली करते आणि महिन्यातून दोन वेळा एका मध्यवर्ती कारागृहात जाऊन, ज्यांना वकील परवडत नाही अशा सिद्धदोष बंद्यांची कागदपत्रे पाहते. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे कोर्टात आणि बराकीत सगळे ज्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात त्या कायद्याखाली, दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या माणसांविषयी हे पत्र आहे. या माणसांची बाजू घेणे लोकप्रिय नाही, याची मला जाणीव आहे. तरीही हा विषय आपल्यासमोर ठेवते, कारण त्यांच्या शिक्षेचा फेरविचार करण्याची वाट न्यायाधीशांनी नव्हे, संसदेने बंद केलेली आहे, आणि ती उघडण्याचा अधिकारही संसदेकडेच आहे.

मागच्या पावसाळ्यात मुलाकातीच्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातली एक म्हातारी मला भेटली. प्लास्टिकच्या पिशवीत तिने मुलाच्या निकालपत्राची प्रत, रेशनकार्ड आणि आधार कार्ड जपून ठेवले होते. तिने एकच प्रश्न विचारला, “मॅडम, बाकीच्यांची माफी लागते, माझ्या पोराची का लागत नाही?” (चांगल्या वर्तनासाठी शिक्षेत मिळणाऱ्या सुटीच्या दिवसांना कारागृहात ‘माफी’ म्हणतात.) मुलगा वयाच्या २४ व्या वर्षी गांजाच्या गोण्या रेल्वेच्या जनरल डब्यातून आणताना पकडला गेला आणि त्याने १० वर्षांची शिक्षा एक दिवसही कमी न होता भोगली. बाहेर आल्यावर सहा वर्षे त्याने मिळेल ती मजुरी केली, आणि ४० व्या वर्षी तो पुन्हा तशाच गोणीसह सापडला. पंचनाम्यात वजन होते २१ किलो ४०० ग्रॅम. त्याला १५ वर्षे सक्तमजुरी आणि दीड लाख रुपये दंड झाला. दंड न भरल्यास आणखी एक वर्ष. दीड लाख रुपये त्या घरात कधीच नव्हते, त्यामुळे ते एक वर्ष धरूनच चालावे लागते. आज तो ४७ वर्षांचा आहे. कारागृहाच्या कारखान्यात तो सुतारकाम करतो, त्याच्याविरुद्ध शिस्तभंगाची एकही नोंद नाही, पण त्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे कारागृहातील नोंदपत्रावर, माफीच्या दिवसांचा रकाना पहिल्या महिन्यापासून कोरा आहे.

त्या आईला मी जे उत्तर दिले, तेच येथे सविस्तर लिहिते.

गांजाची व्यावसायिक मात्रा, म्हणजे कायदा जो साठा व्यापाराचा मानतो तो, २० किलोपेक्षा जास्त अशी ठरलेली आहे. गोणी १९ किलोची असती तर कायद्यात किमान शिक्षाच नव्हती. कमाल मर्यादेच्या आत न्यायाधीशांना माणूस पाहून शिक्षा ठरवता आली असती. २० किलोच्या वर काटा गेला की पहिल्या गुन्ह्याला किमान १० वर्षे, आणि तेवढ्याच शिक्षेचा गुन्हा दुसऱ्यांदा घडला की कलम ३१ प्रमाणे किमान आणि कमाल दोन्ही दीडपट, म्हणजे १५ ते ३० वर्षे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्यात येत नाहीत. प्रत्यक्षात गोणीत शेंडे, पाने, देठ, काड्या सगळे एकत्र दाबून भरलेले असते आणि काट्यावर सगळे एकत्रच चढते. दीड किलो देठांवर एका माणसाची १५ वर्षे ठरू शकतात, हे मी वकिलीतल्या अनुभवावरून सांगते.

शिक्षा सुनावल्यानंतर कलम ३२-अ आडवे येते. १९८९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाप्रमाणे, कलम २७ खालील सेवनाचा गुन्हा वगळता, या कायद्याखाली दिलेली शिक्षा स्थगित करता येत नाही, तिच्यात सूट देता येत नाही आणि ती सौम्यही करता येत नाही. या कलमाचा कस आपल्याच राज्यातून गेलेल्या एका प्रकरणात लागला. दादू ऊर्फ तुलसीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १२ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार संसदेला काढून घेता येणार नाही, म्हणून तेवढ्यापुरते कलम घटनाबाह्य आहे. पॅरोललाही या कलमाने आडकाठी होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र सूट आणि सौम्यीकरण यांवरची बंदी टिकली, कारण ते अधिकार शासनाचे आहेत आणि कायद्याने दिलेले अधिकार कायद्याने काढून घेता येतात. उरले ते राष्ट्रपतींचे आणि राज्यपालांचे घटनेतील अनुच्छेद ७२ आणि १६१ खालील दयाधिकार. पिशवीत रेशनकार्ड घेऊन आलेल्या त्या बाईने राजभवनापर्यंत कसे पोहोचावे, हे मला सांगता आले नाही.

खुनासाठी जन्मठेप झालेल्या बंद्याने प्रत्यक्ष १४ वर्षे कारावास भोगला की त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा विचार होऊ शकतो. प्रवर्गानुसार त्यालाही पुष्कळदा जास्त थांबावे लागते, परंतु त्याच्या फाइलवर कोणीतरी त्याचे वर्तन, वय आणि घरची परिस्थिती लिहिते आणि निर्णय घेते. गांजाच्या गोणीसाठी दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या माणसाच्या १५ वर्षांत असा एकही दिवस येत नाही. खून करणाऱ्याचा विचार होऊ नये, असे मी म्हणत नाही, मुळीच नाही. माणूस बदलतो की नाही हे पाहण्याची व्यवस्था आपण खुनाच्या बाबतीत मान्य केली, तर गोणी वाहणाऱ्याच्या बाबतीत ती का अमान्य करावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता पूर्वलक्षी प्रभावाविषयी, म्हणजे बदललेला कायदा मागच्या प्रकरणांनाही लावण्याविषयी. कायदा सौम्य झाला तर त्याचा लाभ कोणाला द्यायचा, हा प्रश्न या कायद्याच्या इतिहासात एकदा येऊन गेला आहे, आणि तेव्हा घेतलेल्या निर्णयाची झळ अनेकांना लागली. १९८५ चा मूळ कायदा हेरॉइनची पुडी आणि हेरॉइनचे पोते यांत फरक करत नव्हता; स्वतःच्या सेवनासाठीची अल्प मात्रा सोडली तर किमान १० वर्षे ठरलेलीच होती, आणि पुनरावृत्तीला किमान १५. हे अन्यायाचे आहे, हे संसदेला सोळा वर्षांनी पटले. २ ऑक्टोबर २००१ पासून अल्प, मधली आणि व्यावसायिक अशा तीन पायऱ्या आल्या. मोठी तस्करी करणाऱ्यांना जरब बसेल अशी शिक्षा आणि व्यसनी व किरकोळ गुन्हेगारांना सौम्य शिक्षा, हा हेतू विधेयकाच्या उद्दिष्टांतच नमूद होता. तपास सुरू असलेल्या आणि खटला चालू असलेल्या प्रकरणांना नवी शिक्षा लागू करण्यात आली. पण त्याच तरतुदीला एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, जोडले गेले : अपिलात प्रलंबित असलेल्या प्रकरणांना यातले काहीही लागू होणार नाही. म्हणजे एकाच दिवशी, तेवढ्याच पुडीसह पकडलेल्या दोघांपैकी ज्याचा खटला रखडला त्याला नवा कायदा मिळाला, आणि ज्याचा खटला लवकर संपला त्याला जुनी १० वर्षे भोगावी लागली. बशीर विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे परंतुक वैध ठरवले. संपलेले खटले पुन्हा उघडावे लागू नयेत, हा वर्गीकरणामागचा हेतू न्यायालयाने ग्राह्य मानला. वैधतेचा प्रश्न तिथे मिटला. ते योग्य होते का, हा प्रश्न संसदेने स्वतःला विचारायचा होता आणि तो आजही विचारलेला नाही.

घटनेचा अनुच्छेद २०(१) मागे जाऊन शिक्षा वाढवण्यास मनाई करतो. कमी करण्यास करत नाही. १९६४ मध्येच रतन लाल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षा झाल्यानंतर लागू झालेल्या परिवीक्षेच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या) कायद्याचा लाभ एका १६ वर्षांच्या मुलाला दिला होता.

मागे जाऊन कायदा करणे संसदेला अवघड वाटते, असेही नाही. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्यांच्या उपखंडांची अक्षरे पुढे सरकली, पण बेकायदा व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यांविषयीच्या कलम २७-अ मध्ये जुनाच उल्लेख राहून गेला. परिणामी ते कलम निरर्थक झाले असल्याचा मुद्दा न्यायालयात आला आणि त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही चूक सुधारण्याची गरज दाखवून दिली. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये अधिनियम झाला, आणि ती सुधारणा १ मे २०१४ पासूनच अस्तित्वात होती असे मानले गेले. शिक्षेची तरतूद वाचवण्यासाठी सात वर्षे मागे जाणारी संसद, शिक्षा कमी करण्यासाठी मागे जाऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

कलम ३१ ची स्वतःची कहाणीही आपण एकदा वाचावी, अशी विनंती आहे. २००१ च्या दुरुस्तीत पुनरावृत्तीची शिक्षा कमाल मुदतीच्या ‘निम्म्यापर्यंत’ असे शब्द कायद्यात आले. अक्षरशः वाचले तर दुसऱ्या गुन्ह्याला पहिल्याहून कमी शिक्षा! हे शब्द सुमारे साडेबारा वर्षे तसेच राहिले आणि २०१४ मध्ये त्या जागी ‘दीडपट’ आले. ज्या तरतुदीवर माणसांची पंधरा-पंधरा, तीस-तीस वर्षे ठरतात, ती इतक्या निष्काळजीपणे लिहिली गेली असेल, तर तिच्याखाली झालेल्या शिक्षा पुन्हा तपासायला नकार कोणत्या आधारावर द्यायचा?

याच विषयावर अमेरिकेने काय केले हे पाहण्यासारखे आहे, कारण आपण करू शकू अशा चुका त्यांनी आधीच केल्या आहेत. १९८६ च्या तिथल्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅक (कोकेनचाच ओढण्याचा प्रकार) आणि ५०० ग्रॅम कोकेन पावडर यांना सारखीच किमान ५ वर्षे होती. २०१० मध्ये ही तफावत कमी झाली, पण आधी शिक्षा झालेल्यांना लाभ मिळाला नाही. त्यासाठी २०१८ च्या फर्स्ट स्टेप ॲक्टची वाट पाहावी लागली. त्याच ॲक्टने पुन्हा गुन्हा करणाऱ्यांची किमान शिक्षा २० वरून १५ वर्षांवर आणि तिसऱ्या वेळची अनिवार्य जन्मठेप २५ वर्षांवर आणली, मात्र हा लाभ ज्यांना अद्याप शिक्षा सुनावली गेली नव्हती त्यांच्यापुरताच ठेवला. आपल्या २००१ च्या परंतुकाचेच हे दुसरे रूप आहे. आणि टेरी खटल्यात तर त्याहून विचित्र घडले. चार ग्रॅमपेक्षाही कमी क्रॅकसाठी, केवळ आधीच्या गुन्ह्यांमुळे ‘सराईत’ ठरून, त्या माणसाला १८८ महिने कारावास झाला होता. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की तो कपातीस पात्रच नाही, कारण २०१० च्या कायद्याने ज्या मोठ्या मात्रांची किमान शिक्षा बदलली त्यांचेच कैदी पात्र आहेत, आणि त्याची मात्रा किमान शिक्षा लागण्याइतकीही नव्हती. जास्त माल बाळगणारा अर्ज करू शकत होता, सर्वांत कमी बाळगणारा नाही. तिथल्या न्यायाधीशांनी कायद्याचे शब्द आहेत तसे वाचले. ते शब्द लिहिणाऱ्यांनी सर्वांत तळच्या माणसाचा विचार केला नव्हता.

उलट, ज्यांच्यासाठी दार उघडले गेले त्यांच्याबाबतीत तिथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये कन्सेप्शन खटल्यात असे सांगितले की, कपातीच्या अर्जावर निर्णय देताना न्यायाधीशांना नंतर बदललेला कायदा आणि कैद्याने तुरुंगात केलेली सुधारणा हे दोन्ही विचारात घेता येईल. तो अर्जदारही सराईत गुन्हेगार म्हणूनच शिक्षा झालेला होता. पात्र ठरणे म्हणजे सुटणे नव्हे. पात्र ठरणे म्हणजे न्यायाधीशाने आपली फाइल उघडून वाचणे.

माझ्या म्हणण्याला असलेला सर्वांत गंभीर आक्षेप मी टाळणार नाही. एकदा संधी दिली होती, तरी याने पुन्हा तेच केले. मग याला सवलत कशाला? ज्या घरात एमडीने, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाने, मुलगा गेला, त्या घरातल्या आईवडिलांनी हा प्रश्न विचारला तर मी त्यांच्यापुढे मान खाली घालेन. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना सापडला, तेव्हा राज्यात उसळलेला संताप रास्तच होता. पण त्या संतापाची शिक्षा कोणाच्या वाट्याला येते ते पाहा. मेफेड्रोनची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅमच्या पुढे सुरू होते. किलोकिलोने माल तयार करणारा आणि ६० ग्रॅम पोहोचवणारा डिलिव्हरीवाला, दोघांची किमान शिक्षा एकच. त्यात २०२० च्या हिरा सिंग निकालापासून वजन शुद्ध अमली पदार्थाचे नव्हे, तर मिसळलेल्या पावडरीसकट सगळ्याचे धरले जाते. कारखानदाराला चांगला वकील मिळतो. पोहोचवणारा बहुधा स्वतःच व्यसनी असतो, आणि दुसऱ्यांदा पकडला जाण्याची शक्यता त्याचीच जास्त, कारण व्यसन दहा वर्षे कोंडून जात नाही. अल्प मात्रेच्या गुन्ह्यातील व्यसनी माणसाला उपचारासाठी सोडण्याचा अधिकार कलम ३९ न्यायालयाला देते. मात्रा वाढली की तो संपतो. पुनरावृत्ती हा काही वेळा निर्ढावलेपणाचा पुरावा असतो, काही वेळा आजाराचा, आणि काही वेळा दहा वर्षे आत राहून आलेल्या माणसाला बाहेर कोणी काम दिले नाही याचा. यांतले कोणते खरे, हे कलमाला कळत नाही. ते न्यायाधीशाला, साक्षीपुरावे आणि कारागृहाचा अहवाल समोर असताना, कळू शकते.

हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने याच कायद्याच्या सर्वांत कठोर तरतुदीबाबत मान्य केलेले आहे. कलम ३१-अ मध्ये मोठ्या मात्रेच्या दुसऱ्या गुन्ह्याला अनिवार्य फाशी होती. १६ जून २०११ रोजी न्या. अजय खानविलकर आणि न्या. ए. पी. भंगाळे यांच्या खंडपीठाने ही अनिवार्यता जगण्याच्या हक्काशी विसंगत ठरवली आणि फाशी द्यायची की नाही हे न्यायाधीशाने ठरवावे, असा अर्थ लावला. २०१४ मध्ये संसदेने तो कायद्यात आणला. पुनरावृत्तीच्या सर्वांत गंभीर गुन्हेगाराबाबत न्यायाधीशाचा विवेक मान्य असेल, तर २१ किलोवाल्याबाबत तो अमान्य का?

आणखी एक ताजे उदाहरण देते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या न्यायाधीन (खटला अजून चालू असलेल्या) बंद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची सोय केली, आणि ती त्या तारखेपूर्वीच्या प्रकरणांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. हे स्वागतार्हच आहे. येथेही पूर्वी दोषी ठरलेल्यांना एक तृतीयांशाऐवजी निम्म्यावर थांबावे लागते. तो भेद मी समजू शकते, कारण तिथे दार दोघांनाही आहे, फक्त काहींना ते उशिरा उघडते. तेवढेच मी मागते आहे.

म्हणून माझी विनंती अशी. कलम ३२-अ मधील सूट आणि सौम्यीकरणावरची सरसकट बंदी काढावी आणि तिच्या जागी, शिक्षेचा ठरावीक भाग भोगल्यानंतर बंद्याला विशेष न्यायालयाकडे अर्ज करता येईल अशी तरतूद आणावी. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याने हवे तर पहिल्याहून जास्त भाग भोगून अर्ज करावा. कलम ३१(२) मधील दीडपट किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा, कारणे लेखी नमूद करून, देण्याची मुभा न्यायाधीशांना असावी. कलम २७-अ खालील पैसा पुरवणारे आणि लहान मुलांना या धंद्यात ओढणारे यांच्या बाबतीत कसोटी अधिक कडक ठेवली तरी माझी हरकत नाही. आणि या सर्व तरतुदी, शिक्षा केव्हा झाली, अपील प्रलंबित आहे की निकाली निघाले आहे, याचा विचार न करता लागू होतील असे वाक्य विधेयकातच असावे. २००१ च्या परंतुकासारखे काहीही त्याला जोडले जाऊ नये. ‘पुनरावृत्ती करणाऱ्या व्यक्तींसह’ हे शब्द त्यात लिहिलेले असावेत, म्हणजे टेरी खटल्यासारखी वेळ आपल्या न्यायालयांवर येणार नाही.

विधेयकाला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. तोपर्यंत एक गोष्ट पुढच्याच अधिवेशनात करता येईल. या कायद्याचा कारभार अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहे. आपल्यापैकी कोणीही एक तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, प्रश्न अर्थमंत्र्यांना विचारावा : कलम ३१ खाली आज किती बंदी शिक्षा भोगत आहेत, त्यांपैकी किती जणांची मात्रा व्यावसायिक मर्यादेच्या किंचित वर होती, आणि किती जण मूळ शिक्षा संपूनही केवळ दंड भरता आला नाही म्हणून आत आहेत? गृह मंत्रालयानेही राज्यांकडून ही माहिती मागवावी. प्रश्नाचा मसुदा आणि, बंद्यांची ओळख झाकून, माझ्याकडच्या निकालपत्रांच्या प्रती मी आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे.

आपली नम्र,
कारागृहात मोफत कायदेशीर साहाय्य करणारी एक वकील